फडाची बाजू: 'पिंजरा'ची गाणी पुन्हा ऐकताना
(लेखसंग्रहाची प्रस्तावना)

1972 साली 'पिंजरा' पडद्यावर आला, तेव्हापासून त्यातली गाणी महाराष्ट्रात वाजायची थांबलेली नाहीत. यात्रेतल्या कर्ण्यावर वाजली, वरातीतल्या बँडवर वाजली, एसटी स्टँडसमोरच्या कॅसेटच्या दुकानात वाजली, शाळांच्या स्नेहसंमेलनात वाजली आणि आता मोबाइलवर वाजतात. जे इतकं वाजतं ते सहसा कोणी नीट ऐकत नाही. 'पिंजरा'चं तेच झालं. त्याविषयी दोन मतं तयार आहेत आणि दोन्ही पाठ झालेली आहेत. पहिलं मत चाहत्यांचं: अशा लावण्या पुन्हा होणे नाही. दुसरं जाणकारांचं: ही खरी लावणी नव्हेच, ही सिनेमातली लावणी. पहिलं मत गाण्यांना देव्हाऱ्यात बसवतं, दुसरं त्यांना फडाच्या दारातूनच परत पाठवतं. पन्नास वर्षं उलटून गेल्यावर या दोन्ही मतांना बाजूला सारून गाणी पहिल्यापासून ऐकावीत, या इच्छेतून हा संग्रह तयार झाला.

संग्रहातले लेखक एका पिढीचे नाहीत आणि एका मताचेही नाहीत. तरी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. 'पिंजरा'ची गाणी म्हणजे कुठल्याशा गावात सापडलेली लोककला नव्हे आणि लोककलेत केलेली भेसळही नव्हे. आपापल्या कामात आधीच नाव कमावलेल्या, बहुतांशी एकाच मुलखातून आलेल्या माणसांनी मुंबईच्या स्टुडिओत बसून घडवलेला तो एक फड आहे. तो कसा घडला, कशातून घडला, त्यात कोण होतं आणि कोण नव्हतं, हे समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत ठरवता येणार नाही.

त्याच सुमारास पाश्चात्त्य संगीतात 'सुपरग्रुप' नावाचा प्रकार जोरात होता. निरनिराळ्या बँडमधून नावारूपाला आलेले कलावंत एकत्र येत आणि एक रेकॉर्ड करत. डेव्हिड क्रॉस्बी 'बर्ड्स'मधला, ग्रॅहम नॅश 'हॉलीज'मधला, स्टीफन स्टिल्स आणि नील यंग 'बफेलो स्प्रिंगफील्ड'मधले. या चौघांचा 'देजा वू' हा अल्बम मार्च 1970 मध्ये आला. लोकगीताची गिटार आणि रॉकचा ठेका एकत्र आणणाऱ्या संगीतातला तो मैलाचा दगड मानला जातो. त्या अल्बमवर आजही वाद झडतात: चौघांचं मिळून काही एक झालं, की चार जणांची गाणी नुसती एका पाकिटात घातली गेली? आपल्याकडे हा प्रश्न चित्रपटसंगीताला कोणी विचारत नाही, कारण चित्रपटात माणसं एकत्र येणं हा रोजचाच व्यवहार. 'पिंजरा'ला मात्र तो विचारायला हवा.

कारण या पाकिटावरची नावं बघा. निर्माते-दिग्दर्शक व्ही. शांताराम जन्मले कोल्हापुरात, 1901 साली. 'प्रभात' कंपनी त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच 1929 साली काढली. कथा अनंत माने यांची. तेही कोल्हापूरचे, प्रभातच्या संकलन विभागात तयार झालेले आणि तोवर तमाशापटांचे नामवंत दिग्दर्शक. संवाद शंकर पाटील यांचे. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीच्या या कथाकाराइतका दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्याच्या बोलण्याचा कान फार थोड्या लेखकांना होता. गीतं जगदीश खेबुडकरांची. ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हळदीचे आणि पेशाने शिक्षक. संगीतकार राम कदम शेजारच्या मिरजेचे. मुख्य आवाज उषा मंगेशकर यांचा. मास्टर दीनानाथांच्या निधनानंतर मंगेशकर कुटुंब मास्टर विनायक यांच्या कंपनीबरोबर काही काळ कोल्हापुरातच राहिलं होतं. पुरुष आवाज विष्णू वाघमारे यांचा. चित्रपट झाला परळच्या राजकमल कलामंदिरात, पण त्यातली भाषा, ठसका आणि विनोद पंचगंगेच्या आसपासचे आहेत.

नवख्या वाचकासाठी आधी फडाची, म्हणजे तमाशाच्या संचाची, ओळख करून द्यायला हवी. तमाशाचे ढोबळमानाने दोन घाट आहेत. एक ढोलकी फडाचा तमाशा. यात आधी गण म्हणजे गणपतीला वंदन, मग गवळण म्हणजे मथुरेला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि पेंद्या. मग बतावणी म्हणजे विनोदी संवाद, लावण्या आणि रात्र चढली की वग म्हणजे नाट्य. वाद्यं म्हणजे ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज. सरदार गातो, मागचे झीलकरी ओळ उचलून धरतात, सोंगाड्या मध्येच तोंड घालतो. दुसरा घाट संगीत बारीचा. यात वग नसतो. पेटी, तबला, ढोलकी यांच्या साथीने लावणी हाच मुख्य भाग, आणि त्यातही फडावर नाचून म्हणायची लावणी वेगळी, बैठकीत बसून अदा करायची वेगळी. उत्तर पेशवाईतल्या रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या शाहिरांनी लावणीला तिचं वाङ्मयीन वैभव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पठ्ठे बापूरावांनी तिला फडावर नव्याने उभं केलं.

या इतिहासाला जातीचा पाया आहे आणि तो झाकून लावणीवर लिहिता येत नाही. फडावर उभ्या राहणाऱ्या बाया प्रामुख्याने कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतल्या. समोर बसून दौलतजादा करणारे बहुतेक वरचे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी फडात आले, पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. ही तमाशाच्या इतिहासातली मोठी घटना मानली जाते. तिच्या मोठेपणात त्यांचं ब्राह्मण असणं धरलेलं असतं. पवळाचं नाव मात्र नेहमी दुसरं येतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर बंधनं घातली, मग संहिता तपासून, 'सुधारणा' करून त्याला परवानगी दिली. अश्लील काय आणि कला कोणती हे ठरवणारे लोक फडाबाहेरचे होते. चित्रपटातली लावणी याच काळात वाढली. तंबूवर नजर ठेवली जात होती, तेव्हा पडद्यावरची लावणी घराघरात पोचत होती.

पडद्यावरच्या लावणीचीही घराणी आहेत, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. पहिलं घराणं इतिहासाचं. 1947 चा 'लोकशाहीर रामजोशी' आणि 1951 चा 'अमर भूपाळी' हे शांतारामांच्या राजकमलचे चित्रपट. दोन्हींना वसंत देसाई यांचं संगीत. शाहीर इथे कवी म्हणून येतो. लावणीला रागदारीचं आणि नाट्यसंगीताचं अस्तर लावलेलं असतं, ती ऐकताना आपण पेशवाईतल्या दिवाणखान्यात आहोत असं वाटतं. हे संगीत फार सुंदर आहे, पण ते फडाला सभ्य समाजात बसवण्याच्या खटपटीत असतं.

दुसरं घराणं वसंत पवारांचं. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 साली आला, पुण्याच्या विजयानंद थिएटरात शंभरावर आठवडे चालला आणि तमाशापटाची लाट सुरू झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज यांनी पडद्यावरचा फड इतिहासातून काढून वर्तमानातल्या खेड्यात आणला. त्यानंतर 1962 च्या 'रंगल्या रात्री अशा'मध्ये पवारांनी सुलोचना चव्हाणांकडून जी लावणी गाऊन घेतली, तिने कोल्हापूरच्या मिरचीला महाराष्ट्रभर प्रसिद्ध केलं. ती लिहिणारा तरुण शिक्षक म्हणजे जगदीश खेबुडकर. सुलोचनाबाई मुंबईत वाढलेल्या. लावणी कशी म्हणावी, शब्द कुठे दाबावा, कुठे सोडावा, हे त्यांना पती श्यामराव चव्हाण यांनी शिकवलं. पडद्यावरच्या लावणीची सम्राज्ञी फडातून आलेली नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वसंत पवार 1965 साली अकाली गेले आणि हा धागा राम कदमांच्या हातात आला.

राम कदमांचं तिसरं घराणं. 'केला इशारा जाता जाता', 'एक गाव बारा भानगडी' आणि दादा कोंडके यांचा 1971 चा 'सोंगाड्या' ही त्यांची 'पिंजरा'आधीची कामं. कदमांच्या चालींत रागाचं ओझं कमी, ठेक्याला मोकळीक जास्त. चाल एकदा ऐकली की म्हणता यावी, बँडवाल्याला वाजवता यावी आणि तरी तिच्यात गायिकेला खेळायला जागा राहावी, ही त्यांची हातोटी. राजकमलची सवय वसंत देसाई यांच्या संगीताची. त्याच राजकमलमध्ये, त्याच शांतारामांच्या देखरेखीखाली कदमांनी ढोलकी आणून ठेवली, तेव्हा पहिलं आणि तिसरं घराणं समोरासमोर आलं. 'पिंजरा'च्या गाण्यांतली शिस्त राजकमलची आहे आणि खोडी मिरजेची.

पुढची दोन घराणी 'पिंजरा'नंतरची. एक कलात्मक लोकसंगीताचं. भास्कर चंदावरकर यांचं 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचं संगीत, हृदयनाथ मंगेशकर आणि ना. धों. महानोर यांचा 1977 चा 'जैत रे जैत', आनंद मोडक यांचा 1992 चा 'एक होता विदूषक'. इथे लोकसंगीत ही विचारपूर्वक निवडलेली भाषा आहे, ऐकणारा शहरातला आहे हे गृहीत धरून. दुसरं अजय-अतुल यांचं. जानेवारी 2010 मध्ये आलेला 'नटरंग' कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, म्हणजे पुन्हा कोल्हापूर जिल्ह्याचाच. त्यातली ढोलकी मोठ्या वाद्यवृंदाला घेऊन चालते, थिएटरातल्या चारी बाजूंच्या स्पीकरसाठी रचलेली असते. 'पिंजरा' या पाचांच्या बरोबर मध्ये उभा आहे. आधीच्यांचं त्यात गोळा झालं आणि नंतरच्यांना त्याच्याशी झगडावं लागलं.

वर्षही साधं नव्हतं. 1972 म्हणजे दुष्काळाचं साल. खडी फोडायच्या कामावर माणसं जात होती. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि डिसेंबरात पुण्यात 'घाशीराम'चा पहिला प्रयोग झाला. लोककला कोणाची, तिच्यावर बोलायचा हक्क कोणाला, हे प्रश्न मराठी समाजात तेव्हा तापत होते. 'पिंजरा'ने त्यांतला एकही उघडपणे विचारला नाही. तो रंगीत, भव्य, खेळवून ठेवणारा चित्रपट होता. त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण न विचारलेले प्रश्न गाण्यांत शिरले आहेत, आणि इथेच या संग्रहाचा मुख्य मुद्दा सुरू होतो.

कथा सगळ्यांना माहीत आहे. आदर्श गावाचे आदर्श गुरुजी तमाशाला गावात पाय ठेवू देत नाहीत. चंद्रकला चंद्रावळकरीण या गुरुजींना फडात तुणतुणं घेऊन उभं करण्याची प्रतिज्ञा करते आणि ती खरी होते. गाव गुरुजींना मेलेलं समजून त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा आरोप सिद्ध होतो. मूळ बीज हाइन्रिख मान यांच्या 1905 च्या जर्मन कादंबरीचं आणि तिच्यावरच्या 'ब्लू एंजल' या 1930 च्या चित्रपटाचं. तिथला प्राध्यापक नाइटक्लबातल्या गायिकेपायी धुळीला मिळतो. मराठीत येताना नाइटक्लबाचा फड झाला आणि धुळीला मिळण्याला नैतिक अधःपतनाचा रंग चढला. गुरुजींची भूमिका श्रीराम लागूंची, आणि त्या पात्राचं नाव श्रीधर. पठ्ठे बापूरावांचं मूळ नावही श्रीधरच. योगायोग असेल वा नसेल, पण खऱ्या श्रीधरने फडात जाऊन लावण्या रचल्या, तिथे त्याला त्याचं काम सापडलं. चित्रपटातल्या श्रीधरला फडात फक्त शिक्षा मिळते.

कथा असं सांगते की फड हा पिंजरा आहे. गाणी मात्र कथेचं ऐकत नाहीत. चंद्रकला गायला लागली की सभ्य माणसाची भाषा फिकी पडते. गुरुजींची नीती लांबलचक संवादांत आहे. चंद्रकलेची बाजू मात्र गाण्यांत आहे, आणि प्रेक्षक घरी जाताना गाणी घेऊन जातो, संवाद नाही. पन्नास वर्षं लोकांनी पुन्हा पुन्हा जे मागून घेतलं ते गुरुजींचं प्रवचन नव्हतं. चित्रपटाने फडाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि संगीताने त्याला निर्दोष सोडवलं, इतकं सरळ हे विधान आहे. या संग्रहातले बरेच लेख त्याला पुरावे देतात, काही त्याला हरकत घेतात.

पुरावा कसा, ते एक-दोन गाण्यांत जवळून पाहू. 'मला लागली कुणाची उचकी' घ्या. विषय साधा: कोणीतरी आठवण काढतंय. दुसऱ्या कोणी ते विरहगीत केलं असतं. इथे उचकी गळ्यात येते. सूर चालता चालता अडतो, क्षणभर तुटतो आणि पुन्हा धरला जातो. उषा मंगेशकरांचा आवाज बारीक, टोकदार आणि सुराला पक्का. म्हणूनच ते अडखळणं नेमकं कळतं. त्यांच्या आवाजात फडाचा खडेपणा नाही, अशी तक्रार नेहमी होते आणि ती खरी आहे. पण सुलोचनाबाईंच्या लावणीत गायिका समोरच्याला आव्हान देते, तर इथे ती स्वतःशीच खट्याळपणे खेळते आणि समोरच्याला बघू देते. दोन्ही ठिकाणी सत्ता बाईच्या हातात आहे. फक्त ती वापरायची तऱ्हा वेगळी.

'दे रे कान्हा' ही गवळण. फडातली गवळण म्हणजे भक्तीचं नाव घेऊन केलेली छेडाछेड, आणि ती छेडाछेड करता करता पुन्हा देवाकडे येणं. हे दुहेरीपण तमाशाने शतकभर सांभाळलं, कारण त्यामुळे अश्लीलतेचा आरोप अंगावर येत नसे. कदमांनी ते दुहेरीपण चालीत ठेवलं आहे. चालीत आर्जव आहे, ठेक्यात खोडी. दोन्ही एकाच वेळी चालतात आणि एकमेकांना खोटं पाडत नाहीत. आणि ज्या गाण्यात नशिबाने थट्टा मांडल्याचं दुःख पुरुषाच्या आवाजात येतं, ते गाणं पुन्हा ऐका. शब्द पश्चात्तापाचे आहेत. पण ते म्हणायला लागतात फडाच्याच ठेक्यावर, तुणतुण्याच्या तारेवर. गुरुजींना स्वतःचं दुःख सांगायला शेवटी तमाशाचीच भाषा उसनी घ्यावी लागते. शाळेच्या भाषेत त्याला जागा नव्हती.

ही किमया शब्दांतही आहे. खेबुडकर 1932 चे. गांधीहत्येनंतर 1948 साली ब्राह्मणांच्या घरांच्या जाळपोळीत त्यांचं घर जळालं आणि त्या दुःखातून त्यांनी सोळाव्या वर्षी कविता लिहिली, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. जातीची आग अंगावर घेतलेला हा मुलगा पुढे गुरुजी झाला, आणि गुरुजींना पाडणाऱ्या बाईच्या तोंडी त्याने आपली सर्वांत चैतन्यपूर्ण भाषा घातली. 'छबीदार छबी'सारख्या गाण्यात छ, ब, द यांचे खटके ढोलकीच्या बोलांवर पडतात. 'इंगळी'सारखा शब्द रानात हिंडलेल्या माणसालाच सुचतो. 'पिंजरा'साठी त्यांनी ढिगाने लावण्या लिहिल्या आणि त्यांतल्या मोजक्याच निवडल्या गेल्या, असं कोल्हापुरात सांगतात. आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण गाण्यांकडे पाहिलं की मागे बरंच गाळलेलं आहे, हे लक्षात येतं.

आता जे या पाकिटावर नाही त्याविषयी. त्या काळातल्या कुठल्याही मराठी रेकॉर्डचं लेबल पाहा. चित्रपटाचं नाव, गायिका, गीतकार, संगीतकार. ढोलकी कोणाची, हे नाही. आणि ढोलकीशिवाय या गाण्यांत उरतं काय? लाकडाचं पोकळ खोड, एका पुडीवर शाई, दुसऱ्या पुडीला आतून मसाला, दोरीतल्या कड्या सरकवून गायिकेच्या पट्टीत चढवलेलं वाद्य. तो सूर बसवायला, चाटीवरचा बोल कडक आणि दुसऱ्या बाजूची घुमार मऊ ठेवायला फडातच तयार झालेला हात लागतो. त्या काळी गायिका, कोरस आणि वादक एका खोलीत, एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. वादक चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे फडातली माणसं स्टुडिओत होती, त्यांच्या हातांशिवाय काम पुढे जात नव्हतं, फक्त त्यांची नावं बाहेर राहिली. चित्रपटातली लावणी 'खरी' की 'खोटी' या वादात हा मुद्दा दोन्ही बाजूंकडून सुटतो. फडाची कारागिरी गाण्यात पुरेपूर आहे. नाही तो फडाचा हक्क.

लावणीवरचा अभ्यास हा प्रश्न टप्प्याटप्प्याने इथवर आणून पोचवतो. म. वा. धोंड यांचं 'मऱ्हाटी लावणी' आणि य. न. केळकरांचं शाहिरी वाङ्मयाचं संशोधन यांनी लावणीला साहित्यात मान मिळवून दिला. त्यांचं लक्ष शब्दांवर, शाहिरांवर. नामदेव व्हटकर, रुस्तुम अचलखांब यांनी तमाशाला प्रयोग म्हणून, ज्यांनी तो जगवला त्यांच्या बाजूने पाहिलं. अशोक रानडे यांनी लोकसंगीत, जनसंगीत आणि चित्रपटसंगीत यांतले भेद नीट मांडले. शर्मिला रेगे यांनी 1990 च्या दशकात लावणी, जात आणि स्त्रीच्या देहावरची मालकी यांचा संबंध उघड केला. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी'ने आजच्या कलावतींचं जगणं वाचकांपुढे ठेवलं. शैलजा पैक यांच्या 2022 च्या इंग्रजी पुस्तकाने तमाशातल्या दलित स्त्रियांना 'अश्लील' ठरवणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा केली. इतकं काम झालं, पण त्यात एक फट राहिली. शब्दांवर लिहिलं गेलं, समाजावर लिहिलं गेलं. कानावर पडणाऱ्या गाण्यावर, तेही बाजारात विकल्या गेलेल्या, कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्यावर फार थोडं. ती फट बुजवायचा हा एक प्रयत्न.

तो आत्ताच का? एक कारण वयाचं. ज्यांनी ही गाणी आणि हा चित्रपट केला ते एकेक करून गेले: राम कदम 1997 मध्ये, खेबुडकर 2011 मध्ये, श्रीराम लागू 2019 मध्ये. शेजारच्या घराण्याच्या सुलोचना चव्हाण डिसेंबर 2022 मध्ये. जी माहिती लेबलावर नव्हती ती माणसांच्या आठवणीत होती, आणि ती झपाट्याने कमी होते आहे. दुसरं कारण वादाचं. डीजेवरच्या नाचाला लावणी म्हणायचं का, यावर गावोगावी आणि टीव्हीवर भांडणं होतात. त्यात 'पिंजरा'चं नाव अस्सलपणाचा दाखला म्हणून हमखास घेतलं जातं. ज्या गाण्यांना एकेकाळी जाणकारांनी नकली म्हटलं, तीच आज अस्सलपणाचा निकष झाली आहेत. म्हणजे अस्सलपणा हा निकषच तपासायची वेळ आली. तिसरं कारण कोल्हापूरचं. बाबूराव पेंटरांपासून जयप्रभा स्टुडिओपर्यंतचा वारसा हे शहर अभिमानाने सांगतं, स्टुडिओच्या जागेसाठी रस्त्यावरही उतरतं. पण वारसा फक्त इमारतींचा नसतो. या मुलखाने पडद्याला एक भाषा, एक ठेका आणि बाईच्या तोंडची एक हजरजबाबी ऐट दिली. तिचा हिशेब मांडणं हेही जतनच.

वाचकाने या संग्रहाकडून काय अपेक्षा ठेवावी, तेही सांगतो. इथे गाण्यांची क्रमवारी लावलेली नाही. 'पिंजरा' श्रेष्ठ की 'सांगत्ये ऐका', हा सामना कोणी खेळलेला नाही. काही लेख चालींचा आणि ठेक्यांचा तपशील देतात, काही कवितेकडे बघतात, काही फडातल्या आणि बँडमधल्या वादकांच्या बाजूने लिहिलेले आहेत. काही लेखकांना उषा मंगेशकरांचा आवाज या गाण्यांची ताकद वाटतो, काहींना तीच त्यांची मर्यादा वाटते. एका बाजूला असं मत आहे की फडाला निर्दोष सोडवणारं संगीतही शेवटी फडाबाहेरच्यांनीच लिहिलं, त्यामुळे त्या सुटकेवर फार विसंबू नये. ही मतं जुळवून घ्यायची खटपट आम्ही संपादनात केली नाही. एकमेकांशी भांडणारे लेख शेजारी शेजारीच ठेवले आहेत.

एकच विनंती. पुस्तक वाचताना गाणी लावा, आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर नव्हे. ठेक्याची खालची बाजू ऐकू येईल अशा कशावर तरी लावा. पहिल्यांदा ढोलकी ऐका, दुसऱ्यांदा झीलकऱ्यांचा कोरस, मग गायिका, सगळ्यात शेवटी शब्द. आपल्याला उलट्या क्रमाची सवय आहे, आणि त्याच सवयीमुळे 'पिंजरा' हा गुरुजींच्या पतनाचा चित्रपट म्हणून लक्षात राहिला. या क्रमाने ऐकलं तर चंद्रकलेच्या फडाची बाजू मजबूत का वाटते ते कळेल. ती बाजू मान्य करायची की नाही, हे ऐकणाऱ्याने स्वतः ठरवायचं आहे. त्यासाठी लागणारे सगळे पुरावे आम्ही पुढच्या पानांत मांडले आहेत.

— संपादक, कोल्हापूर